टिळकांची फुले आणि अनंताची ओढ



कामगार संघटनेचा माणूस व्याख्यानाला उभा राहिला म्हणजे तो महागाईभत्ता, किमान वेतन किंवा फार तर एखादा नवा कायदा यांवर बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते, आणि ती बहुधा खरीही ठरते. आजचा माझा विषय निराळा आहे. सुंदर वस्तू पाहून माणसाला एक हुरहूर लागते. ती वस्तू संपू नये असे वाटते, आणि ती संपणार हेही त्याच क्षणी कळते. या हुरहुरीचा ख्रिस्ती धर्माने काय अर्थ लावला, ते मला माझ्या कुवतीप्रमाणे सांगावयाचे आहे. मी ख्रिस्ती नाही. पंडित तर नाहीच नाही. शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयात आणि रात्रीच्या एस.टी.त झाले. तरी हा विषय मला सुटत नाही, याला दोन कारणे आहेत. एक, तो आपल्या राहुरीच्या वाटेने गेलेला आहे. दोन, त्याचे मूळ श्रमाच्या प्रश्नात आहे. दुसरे कारण आधी सांगतो.

बायबलाच्या जुन्या करारात 'उपदेशक' नावाचे बारा अध्यायांचे एक लहानसे पुस्तक आहे. सूर मोठा उदास. सूर्याखाली नवे काही घडत नाही, मनुष्य राबतो आणि मागे कोण खातो याचा पत्ता नाही, असा त्याचा एकंदर रोख. त्याच्या तिसऱ्या अध्यायाच्या आरंभी प्रत्येक गोष्टीच्या ठरलेल्या काळाची यादी येते: जन्मण्याचा, मरण्याचा, लावण्याचा, उपटण्याचा, रडण्याचा, हसण्याचा. ही यादी ख्रिस्ती घरांत पुष्कळांना पाठ असते. पण यादी जेथे संपते तेथे काय आहे, इकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. तेथे नवव्या वचनात ग्रंथकार एकाएकी विचारतो की, हे सगळे खरे, पण कष्ट करणाऱ्याच्या पदरात त्याच्या कष्टातून पडते काय?

मंडळी, हा प्रश्न मी गेटसभेत शेकडो वेळा ऐकला आहे. तो दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या एका यहुदी ग्रंथात वाचला तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ तसाच बसलो. आणि त्याचे उत्तर? ते पगाराच्या आकड्यात नाही. अकराव्या वचनात ग्रंथकार सांगतो की, देवाने एकेक वस्तू तिच्या वेळेला सुंदर केली आहे, आणि त्याच देवाने माणसाच्या अंतःकरणात अनंत काळाची जाणीव घालून ठेवली आहे. परंतु आरंभापासून शेवटापर्यंतचा सगळा पट मात्र त्याला दिसत नाही. मूळ हिब्रू शब्द 'ओलाम' असा आहे. ज्याचे टोक दृष्टीस पडत नाही असा काळ, हा त्याचा अर्थ. भाषांतरकारांत त्यावरून वाद आहेत. कोणी अनंतकाळ म्हणतात, कोणी जग म्हणतात. मला टोक न दिसणारा काळ हाच अर्थ पटतो, कारण पुढच्या वाक्याशी तो जुळतो. टोक नसलेल्या काळाची भूक दिली, आणि ते टोक पाहण्याचे डोळे दिले नाहीत. बैलाला पुढच्या पोळ्याची चिंता नसते. माणसाला आपल्या पोळ्याची असते, नातवाच्या पोळ्याचीही असते, आणि शेवटी आपण कोण होतो याचीही असते.

आणखी दोन वचने पुढे जा. तेराव्यात ग्रंथकार पुन्हा भाकरीवर येतो. माणसाने खावे, प्यावे आणि आपल्या श्रमाचे सुख उपभोगावे, हे देवाचेच देणे, असे तो म्हणतो. म्हणजे सौंदर्य आणि अनंतता यांचे हे प्रसिद्ध वचन एका बाजूने मजुराच्या प्रश्नाने आणि दुसऱ्या बाजूने मजुराच्या ताटाने बांधलेले आहे. ते मधूनच उचलून नुसते चौकटीत लावले, तर त्याचे दोन्ही हात तुटतात.

आता राहुरीकडे वळू. रेव्हरंड नारायण वामन टिळक हे नाव आपण शाळेत ऐकलेले असते. शिकाऱ्याच्या बाणाने घायाळ झालेल्या पक्षिणीची कविता, पाखराला परत बोलावणारी कविता, आणि 'फुलांमुलांचे कवी' ही पदवी; एवढ्यावर बहुतेकांचे टिळक संपतात. हे टिळक १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे जन्मले, १८९५ च्या फेब्रुवारीत त्यांनी मुंबईस ख्रिस्ती दीक्षा घेतली, आणि नंतरच्या आयुष्यातला मोठा भाग त्यांनी नगर जिल्ह्यात काढला. त्यात आपल्या राहुरीचाही मुक्काम आहे. अमेरिकन मराठी मिशनचे डॉक्टर बॅलंटाइन त्या काळी येथे वैद्यकीय काम करीत. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'त राहुरी येते, ती अशी की गावातल्या माणसाने वाचावी आणि चमकावे.

टिळक ख्रिस्ताकडे वळले त्याची हकीकत अनेकांनी सांगितली आहे. नागपूरकडून राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला. त्यांनी तो पुढे वाचावयास घेतला आणि येशूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी ते थबकले. आता या प्रवचनात काय आहे? शत्रूवर प्रीती करा, दान गुप्त ठेवा, न्याय करीत बसू नका, हे आहेच. पण रानातल्या फुलांकडे नीट पाहा, हेही तेथेच आहे. ती फुले राबत नाहीत, सूत कातत नाहीत, तरी शलमोन राजाला लाभला नाही असा साज त्यांच्या अंगावर असतो, असे येशू सांगतो. (गिरणगावातल्या कातणखात्यात बारा-बारा तास उभ्या राहिलेल्या माणसाला हे वचन ऐकून काय वाटले असेल, हा विचार माझ्या मनात दर वेळी येतो. येशू स्वतः सुतारकाम केलेला. त्याला कष्ट ठाऊक नव्हते असे म्हणता येणार नाही.) महत्त्वाचे पुढेच आहे. हीच फुले उद्या वाळलेल्या गवताबरोबर चुलीत जातील, हेही तो त्याच श्वासात सांगतो. यहूदा देशात लाकूड दुर्मिळ; भट्ट्या गवताने पेटत. सौंदर्य टिकाऊ म्हणून मोलाचे, असे येथे मुळीच म्हटलेले नाही. एका दिवसाचे गवत आहे, आणि त्याच्यावरही एवढे काम केलेले आहे.

फुलांचा वेडा असलेला मराठी कवी या ठिकाणी अडकला, यात नवल नाही. टिळक स्वतः म्हणत की, आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो. त्यांनी शंभरावर भक्तिगीते लिहिली, आणि त्यांत ख्रिस्ताला आईच्या नात्याने हाक मारली. गोऱ्या मिशनऱ्यांच्या चालींवर बेतलेली गाणी म्हणून कंटाळलेल्या मंडळ्यांना अभंग मिळाला. तसे पाहिले तर ही वाट त्यांच्याही आधीची. गोव्यात राचोलला १६१६ साली छापलेले फादर स्टीफन्सचे 'ख्रिस्तपुराण' ओवीत आहे, आणि मराठीची थोरवी गाताना त्या इंग्रज पाद्र्यालाही फुलाचीच उपमा सुचली होती.

परंतु फूल पाहून हुरहूर लागणारा प्रत्येक जण टिळकांच्या निष्कर्षाला येतो असे नाही. याचा दाखला टिळकांच्या घरातच राहून गेला. त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे आपले बालकवी, १८९० साली धरणगावी जन्मले. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात या सतरा वर्षांच्या मुलाने सर्वांना थक्क केले. पुढे टिळकांनी त्याला नगरला आपल्या घरी ठेवून घेतले आणि लक्ष्मीबाईंनी त्याला पोटच्या पोरासारखे वागविले. तो ख्रिस्ती झाला नाही, आणि त्याला कोणी केलेही नाही. एकाच अंगणात एकाच वेलीकडे पाहणारे हे दोन कवी. टिळकांना फूल म्हणजे कोणीतरी पाठविलेली चिठ्ठी वाटे. पाठविणाऱ्याचा पत्ता शोधावयास ते निघत. बालकवींना फूल हेच सर्व काही होते. त्यात त्यांना आनंद झाला तो मराठीत दुसऱ्या कोणाला झाला नसेल, आणि पुढे त्यांच्या कवितेत जी उदासी उतरली तीही तितकीच गडद. १९१८ च्या मे महिन्यात भादली स्टेशनाजवळ रुळांवर त्यांचा अंत झाला. वय अठ्ठावीसही पुरे नव्हते. टिळक नेमक्या पुढच्याच मे महिन्यात, १९१९ साली, मुंबईस वारले.

या दोघांत बरोबर कोण, याचा निवाडा मी करणार नाही. मात्र ख्रिस्ती विचारवंतांनी टिळकांची बाजू कशी मांडली असती, ते सांगता येते. उत्तर आफ्रिकेतील हिप्पोचा बिशप ऑगस्टिन हा इ.स. ३५४ ते ४३० या काळात होऊन गेला. त्याने आपल्या आत्मनिवेदनात लिहिले आहे त्याचा मथितार्थ असा की, मनुष्याचे चित्त देवाकरिता घडविले आहे, म्हणून ते दुसरीकडे कोठेही ठरत नाही. सुंदर वस्तूंच्या मागे आपण धावलो, आणि त्या वस्तू ज्याच्यामुळे सुंदर होत्या तो आपल्या आतच वाट पाहत राहिला. विसाव्या शतकात सी. एस. लुइस या इंग्रजी लेखकाने तोच विचार रोजच्या व्यवहारात आणला. भूक लागते, तर अन्न नावाची वस्तू आहे. तहान लागते, तर पाणी आहे. मग या जगातल्या कशानेही न भागणारी ओढ जर मनात असेल, तर ती भागविणारेही दुसरीकडे काही असले पाहिजे.

युक्तिवाद देखणा आहे, पण नगर जिल्ह्यातल्या माणसाने तो जपून घ्यावा. भुकेवरून अन्न आहे एवढे सिद्ध होते. ते भुकेल्याला मिळेल हे सिद्ध होत नाही. दौंड-मनमाड रेल्वे आपल्याकडून १८७८ पासून धावत होती, तरी १८९९-१९०० च्या दुष्काळात माणसे अन्नावाचून मेली. अन्न असणे आणि पोचणे यांत जे अंतर असते, त्याच अंतरात आम्हा संघटनेच्या लोकांचे आयुष्य जाते. ख्रिस्ती माणूस यावर म्हणेल की, म्हणूनच आम्ही कृपेवर बोलतो. ती ओढ माणूस स्वतः भागवू शकत नाही, ती भागविणारा स्वतः चालत आला. हे उत्तर श्रद्धेचे आहे. ते कोणावर लादता येत नाही, आणि हसण्यावारीही नेता येत नाही.

पण श्रद्धेचीही एक तपासणी असते, आणि ती लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या स्वयंपाकघरात केली. नवऱ्याने धर्म बदलल्यावर त्या काही वर्षे नातेवाइकांच्या आधाराने वेगळ्या राहिल्या. पुढे त्या नगरला त्याच्याकडे आल्या, तरी चूल निराळी, पाणी निराळे, सोवळे कडक. आपण आज सोवळ्याला सरसकट हसतो. परंतु त्या बाईच्या दृष्टीने पाहा: घासलेली भांडी, धुतलेले लुगडे, कोणाचा स्पर्श नाही असा हंडा, हीच तिची सौंदर्याची आणि शाश्वताची कल्पना होती. काळाने, मृत्यूने, दुसऱ्याच्या हाताने जे विटाळत नाही, ते शुद्ध. नगर-राहुरीच्या त्या वर्षांत केव्हा तरी त्यांनी मनाशी विचार केला की, जाती देवाने केल्या की माणसाने? देवाने केल्या असत्या तर जन्म, मरण, हाडे, मांस यांत फरक दिसला असता. तो दिसत नाही. एकदा हे ठरल्यावर मग त्यांनी मागे पाहिले नाही. कोणाच्याही हातचे खाल्ले, कोणाच्याही हातचे पाणी प्यायल्या. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आणि पुढे प्लेगच्या छावणीत रोग्यांची सेवाही केली.

हे पाणी कोणाच्या हातचे होते, ते आपण विसरू नये. नगर जिल्ह्यातल्या खेडोपाडीच्या ख्रिस्ती मंडळ्या बहुसंख्येने महार आणि मांग कुटुंबांच्या होत्या. गावच्या विहिरीवर ज्यांचा पोहरा चालत नसे, त्यांच्याशी एका पंगतीला बसणे, हा येथे अनंतकाळावर बोलण्याचा पहिला धडा होता. ज्याला टोकावाचूनचा काळ सोबत काढावयाचा आहे, त्याला शेजाऱ्याबरोबर एक जेवण काढता येऊ नये? अर्थात धर्मांतराने जात पुरती सुटली असेही नाही. ख्रिस्ती समाजातही ती मागच्या दाराने आली, आणि हे त्यांच्यातले प्रामाणिक लोक स्वतःच सांगतात.

आता मुख्य आक्षेप. माझेच सहकारी तो घेतात, आणि जोरात घेतात. त्यांचे म्हणणे, परलोकाच्या गोष्टी सांगून मजुराला इहलोकात गप्प बसविण्याची ही युक्ती आहे. धर्म ही अफू, असे मार्क्स म्हणून गेला. म्हणून गेला, हे खरे. पण १८४४ साली छापलेल्या त्या लेखात, अफूच्या शब्दाआधीच, पिळल्या जाणाऱ्या जिवाचा उसासा असेही त्याने धर्माला म्हटले आहे. तो अर्धा भाग आमचे लोक गाळतात. उसासा दाबून प्रश्न सुटत नाही. तो कशाकरिता टाकला, हे विचारावे लागते.

मी बरीच वर्षे ऊसतोड मजुरांत काम केले. पाथर्डी-बीडकडच्या टोळ्या दिवाळीनंतर येतात, पाच-सहा महिने उसाच्या पाचटाच्या नाही तर ताडपत्रीच्या कोपीत राहतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल आधीच घेतलेली, म्हणून सबंध हंगाम फिटण्यात जातो. पहाटे अंधारात फडात, रात्री गाडी भरून मगच पाठ टेकावयाची. अशा एका अड्ड्यावर मी एका बाईच्या कोपीपुढे रंगाच्या रिकाम्या डब्यात झेंडू लावलेला पाहिला. पाणी डोक्यावरून आणावे लागे, तरी ती त्याला तांब्याभर घाले. मी विचारले, "मावशे, हंगाम संपला की हे येथेच राहणार, मग कशाला?" ती म्हणाली, "दारात काही तरी नको का, दादा?" तिच्या मागणीपत्रात हे कलम आम्ही कधी घातले नव्हते. कोणत्या शब्दांत घालणार?

तरी त्या कलमाच्या फार जवळ जाणारी एक मागणी मजुरांच्या इतिहासात आहे, आणि ती धर्मग्रंथातून आली आहे. ती म्हणजे आठवड्याची सुट्टी. मोशेच्या दहा आज्ञांत शब्बाथाची आज्ञा आहे. सहा दिवस काम करावे, सातव्या दिवशी करू नये. तू नाही, तुझ्या दासाने नाही, दासीने नाही, परक्याने नाही आणि जनावरानेही नाही. या आज्ञेचे कारण दोन ठिकाणी निरनिराळे दिले आहे. 'निर्गम' या पुस्तकात ते असे की, देवाने सृष्टी केली आणि सातव्या दिवशी तो थांबला. 'अनुवादा'त कारण वेगळे: तुम्ही मिसर देशात गुलाम होता, हे आठवा. पहिले कारण सौंदर्याचे आहे; केलेले काम चांगले आहे असे पाहून हात थांबविणे. दुसरे मुक्ततेचे आहे. गुलामाला थांबता येत नाही, स्वतंत्र माणसाला येते. एका दिवसाला ही दोन्ही कारणे पुरून उरली. ख्रिस्ती लोकांनी तो दिवस पुनरुत्थानाचा म्हणून रविवारवर आणला. ऑगस्टिनने आपला 'ईश्वराचे नगर' हा प्रचंड ग्रंथ संपविला तोही याच कल्पनेवर: अनंतकाळ म्हणजे ज्याला संध्याकाळ होत नाही असा सातवा दिवस.

मुंबईच्या गिरण्यांत एकोणिसाव्या शतकात मजुराला असा दिवस नव्हता. नारायण मेघाजी लोखंडे या सत्यशोधकाने १८८४ साली गिरणी कामगारांच्या सभा भरवून त्याची मागणी केली, आणि १८९० च्या जूनमध्ये मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, म्हणून आमच्या लोकांना तो हवा, असा मुद्दा लोखंड्यांनी मांडला असे सांगतात. मला यात मोठी मौज वाटते. गोऱ्या साहेबाचा चर्चचा दिवस, यहुद्यांच्या आज्ञेतून आलेला, तो महाराष्ट्राच्या मजुराने जेजुरीच्या नावाने मिळविला. देव कोणाचाही असो, थांबण्याचा हक्क एकच होता. ऊसतोडीच्या फडात मात्र हंगामभर हा दिवस आजही उगवत नाही. कारखान्याची गव्हाण थांबत नाही, म्हणून कोयता थांबत नाही. झेंडूला पाणी घालणाऱ्या त्या बाईला अनंतकाळ कळत नाही असे जो म्हणेल, त्याने तिला आधी एक रविवार द्यावा आणि मग विचारावे.

टिळकांनी आयुष्याच्या अखेरीस 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य हाती घेतले होते. सुरुवातीचे थोडे अध्याय झाले आणि ते गेले. शाळेचे तोंड नीट न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढचे बहुतेक अध्याय रचले. १९३६ साली त्याही गेल्या. मग मुलाने, देवदत्तांनी, ते काम तडीस नेले आणि १९३८ साली ग्रंथ बाहेर आला. आरंभ ज्याने केला त्याला शेवट दिसला नाही. उपदेशकाच्या अकराव्या वचनात आहे तेच हे.

बायबलाचा शेवट कसा आहे, तेवढे सांगून थांबतो, कारण सामान्य समजुतीहून तो वेगळा आहे. अनंतकाळाचे चित्र म्हणून तेथे ढग नाहीत, तपोवन नाही. तेथे एक शहर आहे. त्यात नदी आहे, नदीकाठी दर महिन्याला फळणारे झाड आहे, आणि त्याची पाने राष्ट्रांच्या औषधासाठी आहेत. शहराच्या पायाच्या बारा थरांवर बारा प्रेषितांची नावे कोरलेली आहेत, म्हणजे त्यांत मासे धरणारे कोळी आले. आपल्याकडे कोनशिलेवर उद्घाटकाचे नाव असते, गवंड्याचे कधी पाहिले नाही. त्या शहराला बारा वेशी आहेत, आणि त्या कधी बंद होत नाहीत. ज्याची निम्मी हयात बंद फाटकासमोर घोषणा देण्यात गेली, त्याची नजर तेथे खिळणारच. प्रत्येक वेशीवर एकेक देवदूत उभा आहे, असेही लिहिले आहे. फाटक लावावयाचेच नाही तर हा पहारेकरी कशाला, असे मी आमच्या संघटनेतल्या एका ख्रिस्ती कामगाराला विचारले. तो थोडा विचार करून म्हणाला, "लांबून चालत येणाऱ्याला पाणी द्यायला कोणी तरी लागेलच की, साहेब."